बाळाच्या दंडावरचं ताबीज: फोंडा तालुक्यातलं एक प्रकरण

या प्रकरणातल्या माणसांची नावं बदलली आहेत, वाड्याचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केले आहेत. बाकी घडलं तसं. मी या कुटुंबाच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील आहे. वडील म्हणजे मंडळीनं निवडलेला जबाबदार माणूस, वयाशी त्याचा संबंध नाही. त्या आठवड्यात मी दोन सल्ले दिले आणि ते दोन्ही चुकले. तेही खाली येतील.

पार्श्वभूमी

विजयचे वडील नगर जिल्ह्यातून गोव्यात आले ते खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा ते थकले होते. साठवलेल्या पैशांतून त्यांनी फोंड्याजवळच्या एका वाड्यात जुनं, दोन खोल्यांचं घर घेतलं. वाड्यात तीसेक घरं, त्यातली तीन सोडून सगळी मुसलमानांची. घर स्वस्त मिळालं म्हणून घेतलं, त्यामागे दुसरा काही विचार नव्हता. वडील पुढे वारले. आता घरात विजय, त्याची बायको शीला, विजयची आई आणि लहान मुलगा. विजय कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या देखभालीचं काम करतो, शीला घरी वाड्यातल्या मुलांच्या शिकवण्या घेते.

कागदावर पाहिलं तर गोव्यात ख्रिस्ती माणसानं स्वतःला एकटं समजायचं कारण नाही. 2011 च्या जनगणनेत इथे ख्रिस्ती 25.10 टक्के आणि मुसलमान 8.33 टक्के होते, म्हणजे तिप्पट. पण हे ख्रिस्ती बहुतेक सगळे कोंकणी बोलणारे कॅथलिक. विजयचं घर मराठी प्रोटेस्टंट. त्यांना फेस्त म्हणजे संताचा सण नाही, नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना नाही, गावच्या चर्चमध्ये त्यांचं नाव नाही. आमच्या मंडळीला स्वतःची इमारतही नाही. रविवारी दुपारी चारला भाड्याच्या सभागृहात उपासना होते. मराठी बोलता आणि ख्रिस्ती कसे, असं हिंदू विचारतात. ख्रिस्ती आणि चर्चला दिसत नाही, असं कॅथलिक विचारतात. फादर स्टीफन्सनी मराठी ओव्यांत रचलेली ख्रिस्ताची कथा 1616 साली इथे राशोलातच छापली गेली, हे विजयचं ठरलेलं उत्तर. ते ऐकून समोरचा मान हलवतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो.

वाड्यात मात्र पहिल्या दिवसापासून एका शब्दानं काम सोपं केलं. नगरकडच्या आम्हा ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर ‘सलाम’ म्हणायची जुनी रीत आहे, पत्रातसुद्धा ‘सप्रेम सलाम’ लिहितात. विजयच्या वडिलांनी शेजाऱ्याला सवयीनं सलाम केला आणि शेजाऱ्याला वाटलं, माणूस आपल्याला मान देऊन बोलतोय.

भिंतीपलीकडे नसीमखाला, खाला म्हणजे मावशी. साठीच्या पुढची, विधवा. मुलगा इम्रान, त्याचं दुचाकीचं गॅरेज आहे. 2020 च्या मार्चमध्ये गोव्यात सुरुवातीचे काही दिवस किराण्याची दुकानंसुद्धा बंद होती, तेव्हा खालाकडचं पीठ आणि विजयकडचे तांदूळ याच भिंतीवरून इकडून तिकडे गेले. शीलाचं बाळंतपण झालं तेव्हा बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं काम खालानं स्वतःकडे घेतलं आणि तीन महिने कुणाला करू दिलं नाही.

एवढं सगळं चांगलं असताना एक गोष्ट आत लपून होती. शीला 2018 साली लग्न होऊन आली, तेव्हापासून दर बकरी ईदला खाला कुर्बानीच्या मटणाचा वाटा पाठवायची. कुर्बानीचे तीन वाटे करतात: घरचा, नात्यागोत्याचा नि शेजारपाजारचा, आणि गरिबांचा. त्यातला दुसरा. शीलाच्या माहेरी देवाच्या नावानं कापलेलं खात नाहीत, मग तो देव कुणाचाही असो. ती हसून भांडं घ्यायची आणि संध्याकाळी विजय ते कारखान्यातल्या सोबत्याला नेऊन द्यायचा. दुसऱ्या दिवशी खाला विचारायची, “कैसा था?” शीला म्हणायची, “मस्त होतं खाला.” अशा पाच बकरी ईद गेल्या.

माझ्या मते प्रकरण इथे सुरू होतं. ताबीज नंतर आलं.

काय घडलं

2023 साली रमजान आणि लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपासकाळ, एकमेकांवर आले होते. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या रात्री चौदा महिन्यांच्या बाळाला ताप चढला आणि झटके आले. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस. इम्राननं गाडी काढली, खाला बाळाला मांडीवर घेऊन मागे बसली आणि इस्पितळापर्यंत पुटपुटत राहिली. पुढच्या सीटवर शीलाही पुटपुटत होती. दोघी आपापल्या भाषेत.

डॉक्टरांनी समजावलं की सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात असे झटके येतात, बघणाऱ्याचा जीव जातो पण बहुतेकदा त्यातून कायमचं काही होत नाही. ताप उतरवत राहा. सोमवारी दुपारी बाळ घरी आलं. शीला दोन रात्री जागी होती. संध्याकाळी ती गाढ झोपली.

रोजा सोडायच्या थोडं आधी खाला आली आणि तिनं बाळाच्या दंडाला ताबीज बांधलं. बोटाच्या पेराएवढी पत्र्याची नळी, टोकं मेणानं बंद केलेली, काळा दोरा. आत कुराणातल्या आयती लिहिलेला घडीचा कागद. ते तिनं दिवसभर उपाशीपोटी जाऊन एका बुजुर्गांकडून आणलं होतं. विजयची आई तिथेच बसली होती. तिनं पाहिलं आणि ती काही बोलली नाही. नंतर मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, “पाणीसुद्धा न पिता बाई एवढ्या लांब जाऊन आली. तिला काय म्हणू, काढ?”

मंगळवारी सकाळी बाळाचं अंग पुसताना शीलाच्या हाताला ओला दोरा लागला.

तिच्या घरची एक गोष्ट माहीत असल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शीलाच्या आजोबांच्या दंडाला देवऋषीनं दिलेला गंडा होता. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाण्यात उतरण्याआधी पाळकांनी तो कापायला सांगितला. गंडा काढला तर घरात मूल जगणार नाही, असं देवऋषीनं बजावून ठेवलं होतं आणि त्याआधी दोन मुलं गेली होती. आजोबांनी तो स्वतःच्या हातानं कापला. त्यानंतर झालेली मुलगी म्हणजे शीलाची आई. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली ही गोष्ट. तिच्या लेखी दंडावरचा दोरा हा दागिना नव्हता, औषधही नव्हतं. तिचं घर ज्यातून बाहेर आलं तेच पुन्हा तिच्या मुलाच्या हाताला बांधलेलं होतं.

तिनं विळीवर दोरा कापला आणि ताबीज ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकलं. बादलीत सकाळी साफ केलेल्या बांगडा माशांची डोकी होती.

पंचायतीची कचऱ्याची गाडी यायची म्हणून बादली फाटकापाशी ठेवली होती. कुत्र्यानं ती उलटी केली. खालाच्या नातवाला घाणीत चकाकणारी नळी दिसली आणि ती घेऊन तो आजीकडे पळाला. खालानं आरडाओरडा केला नाही. ती नळावर गेली, ताबीज तीनदा धुतलं, ओढणीच्या टोकात बांधलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी भिंतीवरून खजूर आणि भज्यांची ताटली आली नाही. विजयला कामावरून आल्यावर तेवढ्यानंच कळलं की काहीतरी बिनसलंय.

नातवाच्या हातातल्या ताबीजाचा आणि बांगड्यांच्या डोक्यांचा फोटो कुणीतरी मोबाइलवर काढला होता. तरावीहची, म्हणजे रमजानमधली रात्रीची, नमाज सुटेपर्यंत तो वाड्यातल्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. रात्री दहाच्या सुमारास पंधरा-वीस पोरं कोपऱ्यावर उभी होती. इम्रान एकटा दाराशी आला. तीन रात्रींपूर्वी ज्यानं गाडी हाणत बाळाला नेलं तोच. “किताब का कागज था उसमें. मछली के कचरे में?” एवढंच बोलून तो उभा राहिला. विजयला तोवर ताबीजाबद्दल काही माहीतच नव्हतं, आणि ते त्याला खरंही वाटत नव्हतं. त्यानं मागे वळून शीलाकडे पाहिलं. ती म्हणाली, “हो. मी टाकलं.”

समोर असलेले पर्याय

रात्री साडेअकराला विजयचा मला फोन आला. मी पाळकसाहेबांना उठवलं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जे पर्याय चर्चेला आले ते असे.

पहिला, गप्प राहायचं. बाळाला घेऊन शीलानं आठवडाभर नगरला जायचं आणि वातावरण निवू द्यायचं. माझा पहिला सल्ला हाच होता. पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, होऊ द्या, सोमवारी बोलू, असं मी म्हणालो. वयाला शोभेल असं काहीतरी बोलल्यासारखं वाटलं मला. आता कळतं की ती माझी भीती होती. वाड्यातून घर रात्रीतून बंद झालं असतं तर त्याचा एकच अर्थ निघाला असता: मुद्दाम केलं आणि पळाले.

दुसरा, पोलिसांत आधी आपण जायचं. विजयच्या कारखान्यातल्या एकानं सकाळी सातलाच फोन केला. त्याचं म्हणणं, आईला न विचारता लहान मुलाच्या अंगावर दुसऱ्या धर्माची वस्तू बांधली, ही जबरदस्ती आहे. आम्ही दहा जण येतो, तक्रार देऊ, पेपरात देऊ. हा माणूस वाईट नव्हता, पण त्याला विजयच्या घरापेक्षा त्या बातमीची घाई जास्त होती. आमच्या मंडळीत एक वकील आहेत, त्यांनी उलट बाजू सांगितली. तक्रारीला तक्रार येईल. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेतल्या 295-अ कलमासाठी भावना दुखावण्याचा जाणूनबुजून आणि दुष्ट हेतू दाखवावा लागे, तो इथे नव्हता. पण ते कोर्टात सिद्ध होईपर्यंत शीलानं काय काय सोसायचं? विजयनं कारखान्यातल्या सोबत्याला नको म्हणून सांगितलं. ते त्याला जड गेलं, कारण त्या आठवड्यात आपण होऊन मदतीला येतो म्हणणारा वाड्याबाहेरचा माणूस तो एकटाच होता.

तिसरा पर्याय आईनं सुचवला, आणि तो ऐकायला इतका साधा होता की त्यावरच सगळ्यात जास्त वाद झाला. खालाची माफी मागू, ताबीज परत घेऊ आणि बाळाला न बांधता उशीखाली किंवा कपाटात ठेवून देऊ. तिचं समाधान, आपलं काही जात नाही. वाड्यातल्या कॅथलिक म्हातारीनंही तेच सांगितलं: आमच्या गळ्यात बेंतीन (दोऱ्यात ओवलेलं पवित्र पदक) असतं, आत देवाचं नावच असतं, एवढं मनाला लावून काय घेता?

शीला नाही म्हणाली. आवाज चढवला नाही, पण हललीही नाही. पाळकसाहेबांनी बायबलमधलं पौलाचं 1 करिंथकरांस पत्र काढलं. दहाव्या अध्यायात पौल सांगतो की बाजारात विकलं जातं ते खुशाल खा, चौकशा करत बसू नका. पण अमुक वस्तू देवाला वाहिलेली आहे असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी आणि विवेकभावासाठी खाऊ नका. पाळकसाहेबांचा मुद्दा असा होता की वस्तू कपाटात आहे की दंडावर, हा प्रश्न नाही. ती घेतल्यानं खाला काय समजेल, हा आहे. बाळ बरं झालं ते यानं, असंच ती समजणार, आणि आपण दर वेळी मान हलवणार. ‘मस्त होतं खाला’ची सहावी खेप.

तो मटणाचा विषय तिथे पहिल्यांदा उघड झाला. मला तोवर ठाऊक नव्हता. विजय खाली मान घालून बसला होता.

चौथा पर्याय त्यातूनच निघाला. शीलानं दोन गोष्टी केल्या होत्या आणि वाड्याच्या नजरेत त्या एकच झाल्या होत्या: दोरा कापला आणि ताबीज कचऱ्यात टाकलं. दोरा कापणं हा तिचा विश्वास, त्याची माफी नाही. दुसऱ्याच्या पवित्र ग्रंथातला मजकूर माशांच्या घाणीत टाकणं हा अनादर, त्याची माफी पूर्ण, पण-परंतु न लावता. आमच्या पवित्र शास्त्राचं पान कुणी तसं टाकलं असतं तर आम्ही काय म्हटलं असतं, हा प्रश्न विजयनं विचारला आणि पाळकसाहेबांनी त्यावर काही बोलायची गरज उरली नाही.

शीलाला हे लगेच पटलं नाही, हेही नोंदवायला हवं. दोन्हींची फारकत करता येते हे पुरुषांना सोपं वाटतं, ती म्हणाली; माझ्या हातून ते एकाच झटक्यात झालं. माफीचा एक शब्द बोलले की सगळे म्हणतील दोरा कापल्याची माफी मागितली. तिची भीती खोटी नव्हती. म्हणून ठरलं की माफी तिनंच मागायची, तिच्या शब्दांत, आणि नकारही त्याच दमात सांगायचा. एक आज आणि दुसरं उद्या, असं नाही.

काय केलं

बुधवारी दुपारी जुहरची नमाज झाल्यावर विजय आणि मी मशिदीत इमामसाहेबांना भेटायला गेलो. हा माझा दुसरा सल्ला: आधी वरच्या माणसाशी बोला, म्हणजे पोरं आवरतील. इमामसाहेब पस्तिशीचे, शांत. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, मशिदीचं काय बिघडलंय? ज्या बाईचं मन मोडलं तिच्याकडे जायचं सोडून इकडे कशाला आलात? मी वरमलो. तिच्या घरातली गोष्ट आम्ही तिला न विचारता चव्हाट्यावर नेली होती, आणि ते आम्हाला समजावलं परधर्माच्या माणसानं.

आणखी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. एक, कुराणाचा मजकूर असलेले जीर्ण कागद टाकण्यासाठी मशिदीत वेगळी पेटी असते. ते स्वच्छ जागी पुरतात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. असं काही नको असेल तर हातात द्या, कुणी रागावणार नाही. दुसरी गोष्ट सांगताना ते जरा हळू बोलले: ताबीजाबद्दल आमच्यातच दोन मतं आहेत. काही आलिम (धर्मपंडित) ते शिर्क मानतात, म्हणजे अल्लाहचा भरवसा सोडून वस्तूवर भरवसा ठेवणं. काही आलिम आयती असतील तर चालतं म्हणतात. जुम्म्याला यावर बोलाल का, असं विजयनं उत्साहानं विचारलं. इमामसाहेब हसले. अर्ध्या वाड्याच्या दंडाला ताबीज आहे, म्हणाले. त्यांच्या भांडणात आपल्या सोयीचं मत शोधायला आपण गेलो नव्हतो, हे मी विजयला बाहेर आल्यावर सांगितलं. पण सोयीचं वाटलं होतं, मलाही.

संध्याकाळी शीला एकटी, परसदारानं, खालाकडे गेली. खाला भज्यांसाठी कांदा चिरत होती. शीला खाली तिच्यासमोर बसली. पुढचं तिनं सांगितलं तसं लिहितो.

“खाला, त्यात तुमच्या किताबाचा कागद होता. मी तो घाणीत टाकला. माझं चुकलं. तुमच्या हातात आणून द्यायला हवा होता. मला माफ करा. पण बाळाला मी ते बांधू देणार नाही, घरातही ठेवणार नाही. आमच्या घरानं हे सोडलंय. तुम्ही बाळासाठी दुआ करा, ती मला हवी आहे.”

खाला बराच वेळ कांदाच चिरत राहिली. मग म्हणाली, “बोलने का था ना मेरे कू. मैं क्या जबरदस्ती करती थी?” आणि थोड्या वेळानं, “मेरे हात का धागा था. मछली में डाली तू.”

शीलाला त्यावर काही बोलता आलं नाही. तिच्या डोक्यात कागद होता, किताब होती. आपण तिच्या हातचा धागा टाकला, हे तिच्या मनात आलंच नव्हतं.

मग खालानं विचारलं, “ईसा अलैहिस्सलाम कू हम बी मानते ना? मरियमबीबी के नाम का पूरा सूरा है. फिर इतना क्या फरक है तेरा-मेरा?”

इथे हो म्हणणं सगळ्यात सोपं होतं. समेट तोंडाशी आलेला, रोजा सुटायला दहा मिनिटं, आणि समोर बसलेल्या बाईनं हात पुढे केलेला. शीला म्हणाली, “तुम्ही त्याला नबी मानता. मी देवाचा पुत्र मानते. तो माझ्यासाठी वधस्तंभावर मेला असं मानते. फरक तेवढा आहे, आणि तो मोठा आहे.” खालानं दोन्ही हात कानांना लावले. “तौबा, ये मत बोल मेरे सामने.” शीला म्हणाली, “तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.”

बांग झाली. खालानं खजूर उचलला, अर्धा स्वतः खाल्ला आणि उरलेला शीलाच्या हातावर ठेवला. बोलणं तिथे संपलं. माफ केलं असं खाला म्हणाली नाही.

इम्रानकडे विजय गुरुवारी गॅरेजवर गेला. गिऱ्हाइकांसमोरच, दोन वाक्यांत बोलला. इम्रान स्पॅनर पुसत राहिला आणि म्हणाला, ठीक आहे. फोटोचं काम मशिदीच्या जमातच्या वडीलधाऱ्यांनी केलं. ग्रुपवरून काढायला लावला. एका पोरानं तो आधीच दुसरीकडे पाठवला होता, तो कुठवर गेला हे कुणालाच सांगता आलं नाही. वाड्याच्या पंचानं पोलिसांच्या कानावर घातलं होतं, म्हणून एक शिपाई येऊन गेला. खाला दारातूनच म्हणाली, घर की बात है, कुछ नै.

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आणि जुम्मा एकत्र. आमची उपासना बारा ते तीन. शीलाला मशिदीवरून जायचं की मागच्या भाटातून (बागायतीतून), असा विजयनं प्रश्न काढला. दर रविवारी ती पवित्र शास्त्र आणि गीतांचं पुस्तक कापडी पिशवीत घालून नेते. त्या दिवशी तिनं पिशवी घेतली नाही, दोन्ही पुस्तकं हातात धरली आणि नेहमीच्याच रस्त्यानं गेली. त्यात थोडी हट्टाची छटा होती, असं मला वाटतं. मी तिला तसं म्हटलं नाही.

आता मागे वळून पाहता

सगळ्यात मोठी चूक मंगळवारची नव्हती. खालानं न विचारता ताबीज बांधलं, कारण न विचारता दिलेलं सगळं या घरानं पाच वर्षं हसून घेतलं होतं. नकाराची रेघ कुठे आहे हे तिला कुणी सांगितलंच नाही, मग ती ओलांडली म्हणून तिला दोष कसा द्यायचा? पहिल्या बकरी ईदलाच शीला म्हणाली असती की खाला, आम्ही कुर्बानीचं खात नाही, पण शीरखुर्म्याची वाट बघतो, तर एक दिवस अवघड गेला असता. आम्ही मंडळीत हे शिकवतही नाही. साक्ष कशी द्यावी हे शिकवतो, ताट कसं परत करावं हे नाही.

विजयच्या आईचं गप्प बसणंही निर्णयच होता. तिनं सुनेला उठवलं असतं तर दोरा खालासमोर सुटला असता, रडारड झाली असती, पण बादलीपर्यंत गोष्ट गेली नसती. सासू-सुनेत यावरून जे झालं ते अजून पुरतं मिटलेलं नाही, आणि मला दोघींची बाजू कळते.

इमामसाहेबांकडे आधी गेलो ते चुकलंच. पोरांचा जमाव पाहून आम्हाला पुढारी शोधावासा वाटला. एक गोष्ट मात्र बरोबर झाली असं मी मानतो, आणि तिच्यावर मंडळीत टीकाही झाली: शीलानं खालाच्या स्वयंपाकघरात देवाचा पुत्र हे शब्द उच्चारायला नको होते, तो प्रसंग नव्हता, असं काही जण म्हणतात. पेत्रानं बायबलमधल्या पत्रात उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय, ते सौम्यतेनं असंही म्हटलंय. प्रश्न खालानं विचारला होता. शीला त्या दिवशी हो म्हणाली असती तर ते मटणासारखंच झालं असतं.

पुढे काय झालं

शीलाच्या शिकवणीला वाड्यातली सात मुलं यायची, त्यातली दोन थांबली आणि परत आली नाहीत. इम्रान विजयशी बोलतो, पण पूर्वीसारखा येऊन ओट्यावर बसत नाही. घर विकायचा विषय महिनाभर चालला, एक गिऱ्हाईक बघूनही गेलं, मग तो आपोआप मागे पडला. बाळाला जूनमध्ये पुन्हा ताप आला, झटके आले नाहीत. त्या रात्री खाला आली, पायापाशी बसून दुआ पुटपुटली आणि बाळाच्या अंगावर फुंकर घातली. शीला बघत राहिली. फुंकर चालते का, असं तिनं दुसऱ्या दिवशी मला फोन करून विचारलं. मी म्हणालो, तू दुआ मागितली होतीस. ती म्हणाली, “हो, पण फुंकर?” आम्ही दोघं हसलो, आणि मी उत्तर दिलं नाही.

29 जूनला बकरी ईद झाली. सकाळी कुर्बानीचा वाटा आला नाही. शीलाला वाटलं, संपलं. दुपारी दोनला भिंतीवरून झाकलेलं पातेलं पुढे आलं, त्यात बिर्याणी. भिंतीपलीकडून खाला म्हणाली, “कल बाजार से लायी, कसाई के पास से. कुर्बानी का नै है. खाएगी?”

शीलानं पातेलं घेतलं आणि त्यातले दोन घास तिथेच, उभ्यानं, खालाच्या देखत खाऊन दाखवले. मीठ जरा जास्त झालं होतं, असं ती म्हणते. तसं तिनं खालालाही सांगितलं.